‘फ्लुएंट इंग्लिश मस्ट’ ही अट कोणाच्या सोयीची?

हॉटेलातल्या नोकरीची कुठलीही जाहिरात उघडा. पद हाउसकीपिंगचं असो, स्टुअर्डचं म्हणजे वेटरचं असो नाहीतर बॅगा सांभाळणाऱ्या बेल डेस्कचं, खाली एक ओळ ठरलेली: ‘फ्लुएंट इंग्लिश मस्ट’. पगाराचा आकडा बहुतेकदा नसतो, ड्युटी किती तासांची तेही नसतं, पण ही ओळ चुकत नाही. फ्लुएंट म्हणजे किती, कोणाशी आणि कशाबद्दल बोलण्यापुरतं, हे विचारायची सोय नाही. मुलाखतीत ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ’ असं म्हटलं जातं. समोरचा पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवतो, नाहीतर दुसऱ्या वाक्याला अडखळतो, आणि तिथेच निकाल लागतो.

परळ-लालबागच्या भागात मी संध्याकाळी हॉटेल आणि पर्यटन व्यवसायात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. म्हणजे या अटीवर माझंही पोट आहे. ती उद्या निघाली तर माझ्या वर्गातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होतील. तरीही माझं मत असं की, मुंबईच्या पर्यटन व्यवसायाने इंग्रजी ही दारावरची अट म्हणून काढून टाकावी आणि माणूस कामावर घेतल्यावर, कामाच्या तासांत, मालकाच्या खर्चाने ते शिकवावं. इंग्रजी लागत नाही असं मी म्हणत नाही. लागतं, आणि काही ठिकाणी चांगलंच लागतं. पण कोणाला किती लागतं हे ठरवायचे कष्ट मालकांनी घ्यायचे नाहीत आणि शिकण्याचा सगळा खर्च बदलापूर-नालासोपाऱ्याहून लोकलला लटकत येणाऱ्या पोरांनी उचलायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

किती लागतं, हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. ज्या व्यवसायांत चुकीची किंमत जिवाची असते, त्यांनी तो केव्हाच सोडवला. आंतरराष्ट्रीय मार्गांवरचे वैमानिक आणि कंट्रोल टॉवरमधली माणसं यांच्यासाठी आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. 2008 पासून त्या लागू झाल्या. कामाला त्यातली चौथी पुरते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसाठा, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी माणूस तपासला जातो. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, तिच्यामुळे अधूनमधून समजायला थोडं जड गेलं तरी चालवून घेतात. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली ठरीव इंग्रजी वाक्यांचा संचच मंजूर करून टाकला. तर, तीनशे प्रवाशांचं विमान सहारच्या धावपट्टीवर उतरवायला चौथी पातळी पुरते, आणि त्यातल्याच एका प्रवाशाच्या खोलीत जादा टॉवेल पोचवायला मात्र ‘फ्लुएंट’ असावं लागतं.

सर्वसाधारण भाषेसाठीही मापं आहेत. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेली ए-1 ते सी-2 ही सहा पायऱ्यांची चौकट आज जगभर वापरतात. रोजच्या ठरावीक कामांपुरती सरळ देवाणघेवाण जमली की माणूस ए-2 वर आला. खोल्या लावणाऱ्याला, बॅगा उचलणाऱ्याला, किचनमधल्या ‘कमी’ला, म्हणजे हाताखालच्या कूकला, यापेक्षा जास्त कशाला हवं? स्टुअर्डला, टॅक्सीवाल्याला, तिकीट खिडकीवरच्या माणसाला बी-1 पुरेल. फ्रंट ऑफिसला आणि गाईडला बी-2 लागेल, तिथे मी घासाघीस करणार नाही. रात्री अडीचला कोणी खाली फोन करून छातीत दुखतंय म्हणाला तर उचलणाऱ्याला ते पहिल्या झटक्यात कळलंच पाहिजे. पण मग जाहिरातीत तसं लिहा ना! अमुक पदाला अमुक पातळी. सगळ्यांना एकाच ‘फ्लुएंट’च्या चाळणीतून काढायचं म्हणजे ज्याचं घर, शाळा आणि मित्र इंग्रजीत वावरतात तोच वर राहणार. त्याला गादीवर चादर ताणता येते की नाही, ते मागाहून बघू.

या धूसरपणावर आमचा क्लासवाल्यांचा धंदा चालतो. दादर स्टेशनच्या बाहेर, ठाण्यात, कल्याणला विजेच्या खांबांवर लागलेल्या पाट्या तुम्ही वाचल्याच असतील: तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा ढोबळ अंदाज असा की, शून्यापासून ए-2 ला पोचायला शिक्षकाच्या हाताखाली 180 ते 200 तास लागतात, बी-1 ला 350 ते 400, बी-2 ला 500 ते 600. रोज दोन तासांचा तीस दिवसांचा वर्ग म्हणजे 60 तास. त्यात पाऊस पडून सेंट्रल बंद पडली की आणखी कमी. आमची मुलं शून्यावर नसतात हे खरं, शाळेत काहीतरी झालेलं असतं. तरी 60 तासांत फाडफाड काय होणार? पाठांतर होतं. स्वतःची ओळख, छंद, ताकद आणि उणीव, ‘व्हेअर डू यू सी युवरसेल्फ इन फाइव्ह इयर्स’. मुलाखतीपुरतं इंग्रजी मुलाखतीतच संपतं.

क्लासवाल्यांचा दुसरा आवडता उद्योग म्हणजे ॲक्सेंट. मालाडच्या माइंडस्पेसमध्ये कॉल सेंटरांचा जोर होता त्या दिवसांतलं हे खूळ आहे. तिकडे फोनवर अमेरिकन गिऱ्हाईक असायचं, त्यामुळे निदान काहीतरी कारण होतं. हॉटेलात येणारा गेस्ट मात्र कुठूनही येतो. पावसाळ्यात कुलाब्यात चक्कर मारा. पाऊस बघायला आखातातून आलेली कुटुंबं पायी फिरत असतात, त्यातल्या किती जणांचं इंग्रजी आपल्यापेक्षा बरं असतं? कोरियन, जपानी, इस्रायली, फ्रेंच, इटालियन, सगळ्यांचं इंग्रजी उसनंच. आणि मुंबईतल्या बहुतेक हॉटेलांत परदेशी पाहुण्यांपेक्षा अहमदाबाद, कोलकाता, चेन्नईहून आलेले पाहुणे जास्त असतात, ते वेगळंच. अशा वेळी लंडनचा ‘आर’ घोटून घेण्यात काय हशील आहे?

ज्यावर वेळ घालवायला हवा ते ऐकणं. माझ्या वर्गात मी सुरुवातीलाच फोनचा खेळ घेते. एकाने पाठ फिरवून बसायचं, दुसऱ्याने खोली नंबर सांगायचा. 215 की 250? ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत निम्मी मुलं फसतात, आणि मुलं कशाला, मोठमोठे मॅनेजर फसतात. यावर उपाय उच्चार सुधारणं नव्हे. ‘टू वन फाइव्ह, सर?’ असं आकडा तोडून परत विचारायची सवय लावायची. इंग्लंडचा माणूस गाडी ‘हाफ सेव्हन’ला सांगतो तेव्हा त्याला साडेसात हवे असतात, आपल्या ड्रायव्हरला हे कोणी सांगितलेलं नसेल तर तो साडेसहाला येऊन तासभर तिष्ठत बसतो आणि वर पार्किंगवाल्याच्या शिव्या खातो. इंग्रजांचा पहिला मजला आपल्यासारखाच जिना चढून येतो, अमेरिकनाचा रस्त्याला लागून असतो. ‘वुड यू माइंड इफ आय लेफ्ट माय बॅग हिअर?’ असं विचारल्यावर आमची पोरं अदबीने ‘यस सर, यस सर’ म्हणतात आणि पाहुण्याचं तोंड उतरतं, कारण त्याच्या हिशोबाने आपण नकार दिलेला असतो. वर आपली ती मान हलवायची पद्धत. असल्या पन्नास-साठ जागा आहेत. त्या मराठीतून समजावल्या तर दोन दिवसांत कळतात आणि सरावाने अंगवळणी पडतात. व्याकरणाच्या पुस्तकात यातलं फारसं काही सापडत नाही. तिथे अजून ‘पास्ट परफेक्ट कंटिन्युअस’ चाललेलं असतं. खोली लावणाऱ्याला आयुष्यात तो काळ वापरायची वेळ येत नाही.

दुसरं शिकवायचं ते नाही म्हणणं. पूल बंद आहे, लिफ्ट बिघडली आहे, ही गोष्ट बिलात धरलेली नाही, आत्ता टॅक्सी मिळणार नाही. नम्रपणे ‘नाही’ सांगता येणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड भाषा आहे आणि तिचा सराव कोणी करून घेत नाही. त्यामुळे मुलं ‘वन मिनिट सर’ म्हणून नाहीशी होतात. पाहुण्याला वाटतं, दुर्लक्ष केलं. प्रत्यक्षात पोरगं सर्व्हिस लिफ्टपाशी कॅप्टनला, म्हणजे आपल्या वरच्या माणसाला, शोधत फिरत असतं.

आता कुलाबा कॉजवेवर चला. फुटपाथवर कानातली, चपला, पितळी वस्तू विकणारी माणसं इंग्रजी तर बोलतातच, शिवाय अरबी, रशियन, हिब्रू यांतही भाव करतात. यातल्या कोणी कुठला क्लास लावला? ऐकून ऐकून शिकले. चुकलं तर गिऱ्हाईक हसतं, हा पण हसतो, भाव पुढे चालू. चूक परवडते म्हणून तोंड उघडतं, आणि तोंड उघडतं म्हणून भाषा येते. लॉबीत नेमकं उलटं. एक चुकीचं वाक्य म्हणजे पाहुण्याची तक्रार, मग ऑनलाइन रिव्ह्यू, मग दुसऱ्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर शोभा. तिथे शहाणा माणूस गप्प बसतो. तो गप्प बसतो म्हणून ‘कम्युनिकेशन वीक’ असा शेरा मिळतो, आणि शेरा मिळाला की पाहुण्यांसमोरची ड्युटी मिळत नाही.

माझ्या वर्गात बदलापूरची एक मुलगी होती. आयटीआयमधून हाउसकीपिंगचा ट्रेड केलेला. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात ट्रायलला गेली. खोली वेळेत लावली, बाथरूम पाहून सुपरवायझर खूश झाल्या. मग एचआरच्या केबिनमध्ये ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ झालं. वडिलांचं नाव, गाव, एवढं सांगून ती थांबली. तिला काम मिळालं नाही. पुढे कुलाब्यातल्या एका छोट्या गेस्ट हाउसने घेतलं. पगार कमी, पण तिथे माणसंच इतकी थोडी की रात्रपाळीला फोन हिलाच उचलावा लागतो. वर्षभरात ती मस्कतच्या बाईंना डॉक्टरकडे घेऊन जाण्याइतकी तयार झाली. मोठ्या हॉटेलने घेतलं असतं तरी बहुधा लिननच्या खोलीतच ठेवलं असतं. छोट्या जागेने नाइलाजाने जे केलं, ते मोठ्यांनी ठरवून करावं, एवढंच माझं मागणं आहे.

हॉटेलाबाहेरच्या पर्यटनात हा प्रश्न आणखी वेगळं रूप घेतो. घारापुरीला जा. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 1987 पासून असलेलं हे बेट. गेटवेवरून लाँचने तासाभराची वाट. लेण्यांचं तिकीट भारतीयाला 40 रुपये, परदेशी पाहुण्याला 600. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं बेटावर आहेत. त्यांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती 2018 मध्ये, मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना. गावातली माणसं काय करतात? पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माळा आणि दगडी हत्ती विकतात, कोकम सरबत विकतात, थकलेल्या पाहुण्यांना डोलीतून वर नेतात. वर लेण्यातल्या तीन तोंडांच्या सदाशिवाच्या मूर्तीसमोर उभं राहून गोष्ट सांगायची आणि तिचे पैसे घ्यायचे, हे काम बहुतेक वेळा शहरातून आलेल्या गाईडच्या वाट्याला.

एकदा तिथे कुठल्याशा जवळच्या गावचा एक तरुण दोन युरोपीय बायकांना घेऊन फिरत होता. ‘ट्वेंटी फीट, थ्री फेसेस, सिक्स्थ सेंच्युरी, सिंगल रॉक’ हे त्याने एका दमात म्हणून टाकलं. मग त्यातल्या एकीने विचारलं, इथे अजून कोणी पूजा करतं का? तो म्हणाला, ‘यस यस, पोर्तुगीज.’ बाई गोंधळल्या. त्याला वाटलं होतं, इथल्या मूर्ती कोणी फोडल्या असं ती विचारतेय, कारण नेहमी तोच प्रश्न येतो. खाली सरबताच्या टपरीवर मी त्याच्याशी मराठीत बोलले. महाशिवरात्रीला काय चालतं, आजी लहानपणी लेण्यात काय करायला लावायची, कुठल्या शिल्पापाशी पावसाळ्यात पाणी साठतं, असं अर्धा तास ऐकवलं. त्या बायकांनी दुप्पट पैसे दिले असते असा तो मजकूर होता. त्याच्यापाशी माल होता, बाजारापर्यंत न्यायला वाट नव्हती. वीस फुटांचं पाठांतर कोणाकडेही असतं, फलकावरही असतं.

मुंबईत हे सगळीकडे दिसतं. कोळीवाड्यात चालत फिरण्याच्या सहली निघतात, धारावीत निघतात, फोर्टात निघतात, डबेवाल्यांबरोबर लोकलने जाण्याच्या निघतात. मुळशी, मावळ, जुन्नर, खेड भागातून आलेल्या या डबेवाल्यांना भेटायला 2003 साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला आले, तेही डबेवाल्यांच्या वेळेत. जगाला जे बघायचंय ते आपल्यापाशी आहे. पण सहलीत सांगणारी व्यक्ती सहसा दुसरीच असते, कॉलेजात इंग्रजीतून शिकलेली, चांगली, अभ्यासू. तिच्यावर माझा राग नाही. सांगण्याचे पैसे मिळतात आणि दिसण्याचे मिळत नाहीत, एवढी नोंद करते. वरळीतल्या मावशीला पापलेट विकायला दहा इंग्रजी शब्द पुरतात, कारण तिथे भाव तिच्या हातात असतो. स्वतःच्या गल्लीची सहल स्वतः चालवायची म्हटलं तर दहा शब्दांत भागणार नाही, आणि तेवढं तिला शिकवायला कोणी जात नाही.

यावर दोन टोकांची उत्तरं ठरलेली आहेत. एक गट म्हणतो, मुंबईत आलात तर मराठीत बोला, आपण कशाला इंग्रजीच्या मागे लागायचं. बँकेत, दुकानात, सरकारी खिडकीवर हा आग्रह मला पूर्ण मान्य आहे, तिथे मी स्वतः धरते. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याशी धरण्यात अर्थ नाही, आणि या धंद्यात मराठीला बाजार नाही असंही नाही. 1984 साली सुरू झालेली केसरी आणि 2013 साली निघालेली वीणा वर्ल्ड बघा. मराठी माणसाला मराठीत बोलत, जेवायला आपलं जेवण देत जग दाखवायचं, हा तर त्यांच्या धंद्याचा पाया. पण त्यांचा टूर मॅनेजर झुरिकला उतरल्यावर बस ड्रायव्हरशी, हॉटेलच्या रिसेप्शनशी, इमिग्रेशनच्या खिडकीशी कशात बोलतो? इंग्रजीतच, आणि तेही समोरच्याच्या मोडक्या इंग्रजीशी जुळवून घेत. पन्नास जणांच्या खोल्यांच्या चाव्या, एकाचा हरवलेला पासपोर्ट, दोघांचा उपास, सगळं त्या भाषेत निस्तरतो आणि वळून मराठीत विनोद करतो. दोन्ही भाषा एकाच माणसात सुखाने नांदतात.

दुसरा गट म्हणतो, मुलं इंग्रजी माध्यमात घाला, प्रश्न मिटला. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज तिशीच्या आतबाहेर असलेला मराठी शाळेतला मुलगाही दहा वर्षं इंग्रजी शिकलेला आहे. त्याला अक्षरं येतात, स्पेलिंगं येतात, निबंध येतो. कान तयार नाही, कारण शाळेत भाषा कागदावर तपासली जाते. तोंडी परीक्षेचे गुण कसे दिले जातात ते आपण सगळेच जाणतो. आणि गल्लीतल्या इंग्रजी शाळेतून आलेली माझी मुलं काही वेगळी नसतात. त्यांची प्रश्नोत्तरं पाठ असतात, मराठी वाचन कच्चं असतं आणि पाहुण्यासमोर तीच बोबडी वळते. या दोन गटांच्या भांडणात विशीतल्या पोराला आज नोकरीसाठी काय हवं, हा विषयच मागे पडतो.

तिसरं एक उत्तर अलीकडे ऐकू येतं: आता फोन भाषांतर करतो. करतो, आणि मेनूकार्डापुरतं छान करतो. लाँचच्या इंजिनाच्या धडधडाटात त्याला काही ऐकू येत नाही. आणि संतापलेल्या पाहुण्यासमोर खिशातून फोन काढून ‘इथे बोला’ म्हणून पाहा. पुढचा प्रसंग मी वर्णन करत नाही.

मराठी मुलांना हॉटेलांत घ्या, ही मागणी मुंबईला नवी नाही. स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमान कंपन्या, पंचतारांकित हॉटेलं यांच्या दारात त्यासाठी आंदोलनं केली, भारतीय कामगार सेनेने हॉटेलांत युनियन बांधल्या. त्यातून अनेक घरं उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चर्चा राहिली ती किती जण घेतले याची. घेतलेले कुठल्या खात्यात गेले, दहा वर्षांनी कुठे पोचले, लॉन्ड्रीतून लॉबीत किती आले, याचा हिशोब कोणी मागितला नाही. बढतीची वाट इंग्रजीपाशी अडत असेल तर पगारवाढीच्या कराराइतकाच हा विषय युनियनचा आहे. करारात कॅन्टीनचा चहा येतो, गणवेशाच्या धुलाईचा भत्ता येतो, मग भाषेचे तास का येऊ नयेत?

सरकारकडेही चौकट तयार पडलेली आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने 2009-10 मध्ये सुरू केलेल्या ‘हुनर से रोजगार तक’ योजनेत आठवी पास मुलांना फूड प्रॉडक्शन, सर्व्हिस, हाउसकीपिंगचं काही आठवड्यांचं प्रशिक्षण मोफत मिळायचं. सरकार आठवी पासला या धंद्यात बोलावणार आणि धंदा त्याला दारात ‘फ्लुएंट’ विचारणार, ही विसंगती कोणाला खटकल्याचं दिसलं नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तर 1961 पासूनचा. तीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्यांना विद्यावेतन मिळतं, काम शिकवावं लागतं. त्या शिकवण्यात वर्षाला 200 तास कामाचं इंग्रजी घाला, पदानुसार पातळी ठरवा आणि शेवटी परीक्षा फ्लोअरवर घ्या: खरा फोन, खरी तक्रार, खरा पाहुणा. पर्यटन खात्याने घारापुरीसारख्या जागी हेच गावातल्या मुलांसाठी करावं. तिथे मालक नाही, तेव्हा तो खर्च तिकिटाच्या उत्पन्नातून निघायला हवा. परदेशी पाहुणा 600 रुपये देतोय, त्यातले थोडे त्याला गोष्ट नीट सांगता यावी म्हणून खर्च झाले तर त्याची तक्रार असणार नाही.

मॅनेजर लोकांशी बोललं की एकच आक्षेप पुढे येतो. आम्ही शिकवायचं आणि शिकलेला मुलगा सहा महिन्यांत दुसऱ्या हॉटेलात, नाहीतर क्रूझवर नाहीतर दुबईला जायचा. हा आक्षेप खोटा नाही, मुलं जातात. पण ती आजही जातात. उरलेल्यांतून पुन्हा ‘फ्लुएंट’ शोधायचे, न सापडल्यास कन्सल्टंटला कमिशन द्यायचं, हा खर्च आत्ताही चालूच आहे, फक्त तो प्रशिक्षणाच्या खात्यात दिसत नाही. सगळ्यांनी शिकवलं तर एकाकडून गेलेला दुसऱ्याकडून शिकून आलेला मिळेल. वीस खोल्यांच्या हॉटेलाला स्वतःचा शिक्षक परवडणार नाही हे मान्य. त्यासाठी एचआरएडब्ल्यूआय आणि ‘आहार’ यांसारख्या हॉटेलमालकांच्या संघटना आहेत. त्यांनी कुलाब्याला एक, अंधेरीला एक, दादरला एक असे वर्ग काढावेत, छोट्यांनी आपापली दोन-दोन माणसं पाठवावीत.

वेळेचं म्हणाल तर या धंद्यात वेळ आहे. ब्रेक शिफ्टचा माणूस दुपारचं जेवण आटोपून तीनला सुटतो आणि सात वाजता पुन्हा हजर होतो. डोंबिवलीला जाऊन परत येणं शक्य नसतं, म्हणून तो लॉकर रूममध्ये आडवा पडतो किंवा समुद्रावर जाऊन मोबाइल बघत बसतो. त्यातला एक तास घ्या. पण तो घेतला तर मस्टरवर हजेरी लावून, पगारी घ्या. विश्रांतीतून कापलेल्या फुकटच्या तासाला पोरं पहिला आठवडा येतील आणि नंतर लॉकर रूममध्येच झोपतील, आणि त्यावरून पुन्हा कोणीतरी म्हणेल की मराठी पोरांना शिकायचंच नसतं.